आजीची बाळंतपणं कोणी मोजली?

१. बाळंतपणाला कसला आलाय इतिहास?

खानदेशात स्थानिक इतिहासाचा विषय निघाला की पाटणादेवीचा भास्कराचार्यांचा शिलालेख येतो, थाळनेरचे फारुकी येतात, भिल्लांचे उठाव, १९३६ची फैजपूर काँग्रेस, चिमठाण्याची खजिन्याची लूट येते. या यादीत बाळंतपण घालू पाहिलं की समोरचा हमखास विचारतो, ‘त्याला कसला आलाय इतिहास? बायका काय आज बाळंत होतायत?’

प्रश्न रास्त आहे. नऊ महिने तेव्हाही नऊच होते. पण एकाच घरातल्या तीन पिढ्या शेजारी बसवून बघा. आजी अंधाऱ्या खोलीत सुईणीच्या हातून मोकळी झाली, आणि किती मुलं हवीत हे तिला कोणी कधी विचारलं नाही. आईनं दोन-तीन मुलांवर आरोग्य केंद्राच्या शिबिरात बिनटाक्याचं ऑपरेशन करून घेतलं. सुनेचं सीझर जळगावच्या खासगी दवाखान्यात झालं, आणि तिथल्या भिंतीवर गर्भलिंग तपासणी होत नसल्याची पाटी होती. शरीर तेच. पण ठरवणारा कोण, जवळ कोण होतं, पैसे कोणी भरले, कायदा काय म्हणत होता आणि नोंद कोणी ठेवली, हे सगळं साठ-सत्तर वर्षांत पार बदललं. हा बदल कसा झाला, हे या प्रकरणात बघायचं आहे. तो शोधायचा कुठे आणि गावापुढे मांडायचा कसा, हेही.

२. हक्क वेगळा, न्याय वेगळा

आधी एक कल्पना समजून घेऊ. १९९४ साली शिकागोत जमलेल्या बारा कृष्णवर्णीय स्त्रियांनी ‘प्रजनन न्याय’ अशी मांडणी पुढे आणली. तोवरची चर्चा मुख्यतः गर्भपाताच्या कायदेशीर हक्काभोवती फिरत होती. या बायकांचं म्हणणं असं, की आमच्या वस्तीत प्रश्न तेवढाच नाही. कोणाची न विचारता नसबंदी होते, कोणाचं मूल दूषित पाण्यानं दगावतं. म्हणून तीन गोष्टी एकत्र बघायला हव्यात: मूल नको असेल तर होऊ न देणं, हवं असेल तर होऊ देणं, आणि झालेलं मूल धडपणे वाढवता येणं.

रावेर-यावलच्या केळीवाल्याला हे चटकन कळेल. विजेचं कनेक्शन कागदावर मिळालं, तो हक्क. पण लाइट रात्री दोनला येणार, डीपी जळालेली, विहिरीला पाणी नाही, तर बाग वाळतेच. पाणी प्रत्यक्ष खोडापर्यंत पोचलं तर न्याय. गर्भपाताचा कायदा आपल्याकडे १९७१चा आहे, म्हणजे बऱ्याच देशांच्या आधीचा. तरी आडगावातल्या बाईला तो कायदा माहीत आहे का, तिथे डॉक्टर आहे का, बसभाडं आहे का, हे प्रश्न वेगळे. इतिहास शोधताना कायद्याची तारीख सहज सापडते. ही दुसरी बाजू शोधायला वेळ लागतो.

३. तापीच्या दोन टोकांना

१८६०च्या दंडसंहितेनं गर्भपात गुन्हा ठरवला, आणि जन्म लपवून मूल गुपचूप पुरणं हाही गुन्हा ठरवला. पुनर्विवाहाची मुभा कायद्यानं १८५६ सालीच दिली होती, पण उच्चवर्णीय घरांत ती पाळतो कोण? विधवेला दिवस गेले तर पुढे तीनच वाटा: विहीर, काशी किंवा बाळाच्या नरड्याला नख. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं ते यासाठीच.

तापीच्या मुखाशी सुरत आहे. तिथे १८८१ साली विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेवर नवजात मुलाच्या हत्येचा खटला चालला. आधी फाशी झाली, अपिलात जन्मठेप, आणि पुढे ती शिक्षा पाच वर्षांवर आली. वर्तमानपत्रांनी यावर विधवांच्या, किंबहुना साऱ्याच बायकांच्या, नीतीवर तोंडसुख घेतलं. त्याला उत्तर आलं ते खानदेशाच्या पूर्वेच्या वेशीवरून, बुलढाण्याहून. ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ छापून आणली. त्यांचा रोख सरळ होता: दोष बाईचा म्हणता, मग तिला त्या स्थितीत आणणारा पुरुष कोर्टात का दिसत नाही?

हे पुस्तक लवकरच विस्मृतीत गेलं. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशात आणलं तेव्हा जवळजवळ शतक उलटलं होतं. छापलेल्या पुस्तकाची ही गत, तर न छापलेल्या बोलण्याचं काय झालं असेल? शिवाय खटल्याचे कागद वाचताना एक पथ्य पाळावं. कोर्टात पोचते ती पकडली गेलेली बाई. त्या फायलींवरून ‘त्या काळच्या विधवा अशा होत्या’ असा निष्कर्ष काढणं म्हणजे नुसत्या अपघातांच्या नोंदींवरून सगळ्या एसटीबद्दल बोलणं. जी सुटली, जिला सुईणीनं गुपचूप मदत केली, तिचा कागदच झाला नाही.

४. कोतवाल बुक

आता गावाकडे वळू. जुन्या महसुली दप्तरात गाव नमुना नंबर १४ असतो, जन्म-मृत्यूच्या नोंदीचा. लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात. जातीच्या दाखल्यासाठी तहसील कचेरीत खेटे घातलेल्याला तो पाठ असतो. २०२३ साली कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा राज्यभर ही मोडीतली पिवळी पानं पुन्हा उघडली गेली.

जातीसाठी चाळलेल्या त्याच पानांत आपल्या विषयाचा मोठा साठा आहे. एका ओळीत काय असतं? तारीख, बापाचं नाव, जात, मुलगा की मुलगी. आईचं नाव बहुतेक नोंदींत नसतं, आणि बाळाचंही अनेकदा नसतं. बाळंत झाली ती, पण दप्तराच्या हिशेबी मूल झालं ‘अमक्या वल्द तमक्या’ला.

तरीही या ओळींतून पुष्कळ निघतं. एका गावाची दहा वर्षं घ्या. जन्मलेल्यांत मुलगे किती, मुली किती ते मोजा. मग मृत्यूच्या नोंदींतून वर्षाच्या आत गेलेली मुलं वेगळी काढा. १९१८च्या फ्ल्यूच्या साली काय झालं ते बघा, दुष्काळाच्या पुढच्या वर्षी जन्म घटले का ते बघा. मोडी वाचणारा एक माणूस आणि एक वही एवढ्यावर हे काम होतं. फक्त पडलेले गर्भ आणि मृत जन्मलेली बाळं इथे नीट सापडणार नाहीत हे गृहीत धरा. मुलींचे जन्म खूपच कमी दिसले तर त्याची दोन कारणं असू शकतात: मुली खरंच कमी होत्या, किंवा मुलगी झाल्याचं सांगायला चावडीवर कोणी गेलंच नाही. दोन्ही शक्यता शेजारी लिहून ठेवाव्यात.

जुन्या दप्तरांसाठी धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ सर्वांना ठाऊक आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे १९२६च्या अखेरीस धुळ्यातच वारले. त्यांनी ‘भारतीय विवाहसंस्थेचा इतिहास’ लिहिला, आणि तो वाचून अनेकांच्या भुवया उंचावल्या. घरातल्या, शेजेवरच्या गोष्टींचा इतिहास लिहिता येतो ही कल्पना खानदेशाला नवी नाही.

५. गिरणीतली रजा

तिसऱ्या हक्काचा, म्हणजे मूल वाढवण्याचा, कागद कुठे मिळतो? कधी कधी गिरणीत. जळगाव, धुळे, अमळनेर इथे कापडगिरण्या होत्या, आणि कापसाच्या मुलखात जिनिंगचे कारखाने तर गावोगाव. जिनिंगमध्ये बायकांचं काम मोठं. मुंबई विधिमंडळात १९२८ साली बाळंतपणाच्या रजेचं विधेयक आलं तेव्हा डॉ. आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. आईला बाळंतपणाआधी आणि नंतर विसावा मिळणं हे देशाच्या हिताचं आहे, म्हणून त्याचा बराचसा भार सरकारनं उचलावा, असं त्यांचं म्हणणं होतं. १९२९ साली मुंबई प्रांताचा कायदा झाला.

कायदा चांगला होता, पण त्यात ठरावीक महिने नोकरी झालेली असण्याची अट होती. जिनिंग हंगामी. कापूस संपला की बाई घरी. आणि शेतात निंदणी-वेचणी करणारी तर कुठल्याच हजेरीपटावर नाही. इथला बहुसंख्य बायकांचा वर्ग तोच. आजही धुळे-नंदुरबारकडून गुजरातेत ऊसतोडीला जाणारी जोडी ‘एक कोयता’ म्हणून मोजली जाते. त्या कोयत्यातली अर्धी गरोदर असेल तर काय, याची तरतूद मुकादमाच्या उचलीत नसते.

६. ऑपरेशनचं टार्गेट

मूल नको म्हणण्याचा हक्क इथे आधी मागितला तो लोकांनी. र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि १९२७पासून ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं. त्यासाठी नोकरी गमावली, खटले सोसले. १९३८ साली मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव आला. आंबेडकरांचं भाषण पी. जे. रोहम यांनी वाचून दाखवलं, आणि ठराव पडला. म्हणजे तेव्हा सरकारला हे नको होतं.

स्वातंत्र्यानंतर चित्र उलटलं. १९५२ साली कुटुंबनियोजन हा सरकारी कार्यक्रम झाला. लाल त्रिकोण भिंतींवर आला, १९६५पासून लूप आली, पुढे तांबी आली. आणि आकडा आला. कोणत्या जिल्ह्यानं किती ‘केसेस’ द्यायच्या हे वरून ठरू लागलं. नोकरीतली जुनी माणसं हाच शब्द वापरतात: केस मिळाली, केस फुटली, केस दुसऱ्यानं पळवली.

आणीबाणीत याचा कडेलोट झाला. १९७६-७७ या एका वर्षात देशभर सुमारे ८२ लाख नसबंद्या झाल्या. त्यातल्या बहुसंख्य पुरुषांच्या होत्या. शिक्षकाचा पगार, ग्रामसेवकाची बढती केसेसवर टांगलेली. आणीबाणीची चौकशी करणाऱ्या शाह आयोगापुढे नसबंदीनंतरच्या १,७७४ मृत्यूंची नोंद आली. महाराष्ट्राच्या विधिमंडळानं तर १९७६ साली तीन अपत्यांनंतर नसबंदी सक्तीची करणारं विधेयकच मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायदा होऊ शकलं नाही. आपल्या राज्याच्या पुरोगामीपणाच्या यादीत हे विधेयक सहसा कोणी सांगत नाही, म्हणून मी मुद्दाम सांगतो.

१९७७च्या निवडणुकीत केंद्रातलं सरकार पडलं. त्यानंतर पुरुषांच्या नसबंदीला हात लावायची कोणाची हिंमत राहिली नाही, पण आकडा राहिला. मग सुरी बायकांकडे वळली. दुर्बिणीच्या शिबिरांत ओळीनं बायका, ऑपरेशन झालं की सतरंजीवर, संध्याकाळी जीपमधून घरी. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या विवाहित बायकांपैकी ३७.९ टक्के जणींनी स्वतःचं ऑपरेशन करून घेतलेलं दिसतं. नवऱ्याचं ऑपरेशन झालेल्या ०.३ टक्के. वास्तविक पुरुषाचं ऑपरेशन सोपं आणि कमी धोक्याचं. या दोन आकड्यांमधलं अंतर वैद्यकशास्त्रानं समजत नाही, १९७७च्या निवडणुकीनं समजतं.

पण इथे घाई करू नये. शिबिरात गेलेली प्रत्येक बाई फरपटत नेली होती असं नाही. अनेकींनी सासूशी भांडून, कधी सासूला न सांगता, नर्सबाईचा हात धरून ऑपरेशन करून घेतलं आणि सुटकेचा श्वास टाकला. एकाच शिबिरात एक बाई ढकललेली आणि शेजारची स्वतःहून आलेली, हे दोन्ही खरं. उपकेंद्राची पात्र जोडप्यांची नोंदवही दोघींना एकच खूण करते. फरक सांगू शकतील त्या दोघीच, किंवा ती निवृत्त नर्सबाई.

१९९६ साली केंद्रानं टार्गेट काढून टाकलं. तरी मोजणी दुसऱ्या दारानं आली. १२ सप्टेंबर २००१नंतर तिसरं मूल झालं तर महाराष्ट्रात पंचायतीचं सदस्यत्व जातं. या अपात्रतेच्या तक्रारी जिल्हाधिकाऱ्यांपुढे चालतात, आणि पुरावा म्हणून जन्मनोंद, अंगणवाडीचं रजिस्टर, शाळेचा दाखला लावला जातो. ३३ टक्के आणि पुढे ५० टक्के आरक्षणानं सरपंच झालेल्या बाईचं पद अशा मुलामुळे जातं, जे होऊ द्यायचं की नाही हे बहुधा तिनं ठरवलेलं नसतं. उद्याच्या अभ्यासकाला या फायली कोतवाल बुकाइतक्याच मोलाच्या वाटतील.

७. ८४२

जळगाव जिल्ह्यात २००१ साली शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे ८८० मुली होत्या. २०११ साली ८४२. राज्याचा आकडा ८९४. पहिलीच्या वर्गात आणून बघा: ५० मुलगे असतील तर ४२ मुली. निसर्गावर सोडलं तर ४७-४८ असायला हव्यात. पाच-सहा मुली वर्गात नाहीत.

खानदेशातल्याच आदिवासीबहुल नंदुरबारात तोच आकडा ९४४. केळी-कापसाचा पैसा, सोनोग्राफी आणि हुंडा जिथे एकत्र आले तिथे मुली घटल्या. ‘अडाणीपणामुळे होतं’ हे पुस्तकी उत्तर इथे टिकत नाही. महाराष्ट्रानं १९८८ सालीच देशात सगळ्यात आधी लिंगनिदानावर बंदीचा कायदा केला, केंद्राचा १९९४चा. तरी पुढच्या काळात आकडा घसरलाच.

याचा दोन मुलांच्या नियमाशी संबंध लावून बघा. घरात मुलगा हवाच, आणि मुलं मात्र दोनच. मग पहिली मुलगी झाल्यावर दुसऱ्या खेपेला काय होणार? एकीकडून सरकारचा आकडा आणि दुसरीकडून घराण्याचा वंश, बाई मधोमध. तीन हक्क सुटे सुटे बघितले तर ही कोंडी नजरेत येत नाही.

८. मायला काय विचारायचं?

कागद इथे थांबतो. पुढचं बाईच्या तोंडून ऐकायचं. मीनाक्षी मून आणि ऊर्मिला पवार यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना गाठून ‘आम्हीही इतिहास घडवला’ सिद्ध केलं. हा रस्ता मराठीत मळलेला आहे.

पहिला प्रश्नच फसवा असतो. ‘माय, तुमले कितला पोरे शेतस?’ विचारलं की उत्तर येतं, ‘चार.’ हे आज असलेल्यांचं उत्तर. थोडं थांबून ‘आन् व्हयनात कितला?’ विचारलं की ‘सात व्हयनात. तीन गयात.’ दोन उत्तरांमध्ये तीन मुलं आहेत, आणि ती कुठल्याच शिधापत्रिकेवर नाहीत.

साल विचारून उपयोग नसतो. प्रसंग विचारावा. समजा, चोपडा तालुक्यातली एक वृद्ध बाई सांगते: लग्न चीनच्या लढाईच्या साली. थोरला लग्नानंतरच्या तिसऱ्या दिवाळीत, त्यानंतर दोन वर्षांनी दुसरा. दुष्काळात खडीच्या कामावर होते तेव्हा लेक अंगावर पीत होती. धाकटा सहा महिन्यांचा असताना मालकांचं ऑपरेशन झालं, इंदिराबाईच्या काळात. आता मांडा: लग्न १९६२, थोरला १९६४, दुसरा १९६६, लेक १९७१, धाकटा १९७६च्या आसपास. बाळ अंगावर पीत असलं तरी दोन मुलांत साधारण दोन-अडीच वर्षं पडतात. इथे १९६६ ते ७१ पाच वर्षं मोकळी, आणि १९७१ ते ७६ पुन्हा तेवढीच. मधे दिवस गेले होते का? पडले का? मूल होऊन गेलं? की नवरा कामाला सुरतेला होता? की तिनं कोणाला न सांगता काही केलं? मोकळी वर्षं दिसली म्हणजे एवढंच कळलं, की इथे हळूच विचारायचं. तिनं विषय बदलला तर आपणही बदलायचा.

वेळ-जागाही महत्त्वाची. सासरच्या ओट्यावर, सुनेच्या देखत, हे बोलणं निघत नाही. आखाजीला लेकी माहेरी येतात, झोके बांधलेले असतात, कामाचा घोर नसतो. तेव्हा जे बोललं जातं ते एरवी कानावर येत नाही. पिशवी काढल्याचं दुखणंही अशाच वेळी निघतं. बीड जिल्ह्यात २०१९च्या पाहणीत ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली आढळली आणि राज्य हादरलं. त्याआधी बायका हे एकमेकींना सांगत होत्याच.

९. गावापुढे मांडताना

गोळा केलेलं परत नेऊन दाखवायचं, हे कामातलं सगळ्यात नाजूक. नमुने आहेत. स्त्री मुक्ती संघटनेचं, ज्योती म्हापसेकरांनी लिहिलेलं ‘मुलगी झाली हो’ १९८३पासून चौकाचौकांत झालं. ना पडदा, ना तिकीट. ज्यांनी कधी पुस्तक उघडलं नसतं त्यांच्यापर्यंत विषय पोचला. खानदेशात मांडायचं तर निवेदन अहिराणीत हवं, तक्ते मोठ्या अक्षरात, आणि वेळ बाजाराच्या दिवसाची किंवा कानबाईच्या उत्सवाच्या आसपासची.

नाव बदललं की झालं, असं समजू नये. आठशे वस्तीच्या गावात सात मुलींनंतर मुलगा झालेली बाई एकच असते. नाव ‘शांताबाई’ करा नाहीतर ‘कांताबाई’, सगळे ओळखणार. म्हणून परवानगी दोनदा घ्यावी. एकदा सांगताना, आणि एकदा तक्ता तयार झाल्यावर, तो तिला वाचून दाखवून. दुसऱ्या वेळी बाई ‘हे काढून टाक’ म्हणाली तर काढायचं. गावाबाहेर दाखवायचं असेल तर तालुका, जात, मुलांची संख्या यांतलं काहीतरी झाकायचं.

चित्रांबाबत माझं मत कडक आहे. मुलगी वाचवा मोहिमेत गर्भावर रोखलेले सुरे, रक्त, रडणारं अर्भक असली पोस्टर्स खूप झाली. त्यांनी लिंगनिदान किती थांबलं हे सांगणं अवघड, पण गर्भपात म्हणजेच गुन्हा असा समज मात्र घरोघर पसरला. २०१२नंतर कडक तपासण्या सुरू झाल्या, तेव्हा बऱ्याच औषध दुकानदारांनी गर्भपाताच्या गोळ्या ठेवणंच बंद केलं. लिंग तपासणं बेकायदा आहे, आणि अटी पाळून केलेला गर्भपात कायदेशीर आहे, ही दोन वाक्यं वेगवेगळ्या तक्त्यांवर, वेगवेगळ्या रंगांत लिहावीत.

आणि प्रदर्शनापाशी एखादी नर्सबाई किंवा आशाताई बसवावी. कारण तक्ते बघून झाले की कोपऱ्यात येऊन विचारलं जातं ते १८८१बद्दल नसतं, आजबद्दल असतं. त्यासाठी एक कागद छापून ठेवावा: गर्भपाताच्या कायद्यात २०२१ साली झालेल्या दुरुस्तीनंतर वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत पुरतं. वीस ते चोवीसमध्ये नियमात दिलेल्या गटांतल्या बायकांसाठी दोघांचं लागतं. २०२२च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं त्या गटांत अविवाहित बाईही येते. नाव गुप्त ठेवणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. अठरा पूर्ण झालेल्या बाईची स्वतःची सही पुरते. नवऱ्याची सही कायदा मागत नाही, दवाखान्यानं मागितली तरी.